खोकल्याची वही

कॅन्सरच्या ओपीडीत दर वेळी एक प्रश्न ठरलेला असतो. "दुखतंय किती? शून्य ते दहामध्ये सांगा." हिला, म्हणजे माझ्या बायकोला, दुखत फारसं नव्हतंच. ही "दोन" म्हणायची, डॉक्टर लिहून घ्यायचे आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं जायचं. खोकला किती, हे लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता. रात्र रात्र बसवून ठेवणारा, खाल्लेलं उलटायला लावणारा, बरगड्या ठणकवणारा खोकला. पण तो "कॅन्सर आहे ना, मग असायचाच" या खात्यावर जमा. नातेवाईक तेच म्हणायचे, चाळीतले तेच म्हणायचे, हीसुद्धा तेच म्हणायला लागली होती. प्रत्यक्षात तसं नसतं. कॅन्सरच्या माणसाच्या खोकल्याचीही कारणं शोधता येतात, त्यातली बरीचशी दूर करता येतात, आणि जे दूर होत नाही त्यावरही औषध असतं. आम्ही लालबागला राहतो. टाटा आणि केईएम हॉस्पिटलला देशभरातून आलेली माणसं फाईल मांडीवर घेऊन परळच्या फुटपाथवर बसलेली येताजाता दिसतात, त्यातली कितीतरी खोकत असतात. त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे.

हिला डाव्या फुप्फुसाचा कॅन्सर, ॲडिनोकार्सिनोमा. विडी-सिगारेट घरात कधी कुणी ओढली नाही. सुरुवात खोकल्यानेच झाली होती. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे आधी टीबीची तपासणी, हा आपल्याकडचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. थुंकी तपासली, टीबी निघाला नाही. मग सीटी, मग बायोप्सी. ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला, त्यामुळे केमोऐवजी ऑसिमर्टिनिबची रोज एक गोळी सुरू झाली. काही आठवड्यांतच खोकला ओसरला. ही पुन्हा चाळीच्या गॅलरीत भाजी निवडत गप्पा मारत बसू लागली, गुरुवारी भजनाला जाऊ लागली. मूळ रोगावरचा इलाज लागू पडला की खोकलाही उतरतो, हे आम्ही तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

होळीनंतर तो परत आला. कोरडा, खोल, एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही.

मनात पहिला विचार आला तो सांगायला नकोच. पण आमच्या छातीच्या डॉक्टरांनी आम्हाला त्या विचारावर थांबू दिलं नाही. ते म्हणाले, "काका, खोकला हे लक्षण आहे. एकाच माणसात त्याची तीन-चार कारणं एकत्र असू शकतात. आपण एकेक वेगळं काढू." सगळ्यात आधी त्यांनी एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांची बारकाईची सीटी, करायला लावली, आणि तीही लगेच. ऑसिमर्टिनिबसारख्या गोळ्यांनी क्वचित फुप्फुसालाच सूज येते. नवा कोरडा खोकला आणि धाप हीच त्याची पहिली खूण असते आणि तसं निघालं तर गोळी ताबडतोब बंद करावी लागते. छातीवर रेडिएशन घेतलेल्यांनाही अशी सूज येते, आणि ती रेडिएशन संपल्यावर एक ते सहा महिन्यांनी उमटू शकते. आमच्यासोबत बाकावर बसलेल्या एका बाईंचं तेच झालं होतं. इतक्या दिवसांनी खोकला आला म्हणून त्यांनी त्याचा रेडिएशनशी संबंधच जोडला नव्हता. त्यांना स्टिरॉइड सुरू झालं, आणि "बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचं नाही, हळूहळू कमी करायचं" हे नर्सने त्यांना माझ्यासमोर दोनदा बजावलं.

हिच्या फुप्फुसाला तशी सूज नव्हती. पण डाव्या बाजूला थोडं पाणी होतं आणि महाधमनीजवळची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीजवळची) एक गाठ वाढलेली होती. मग डॉक्टरांनी दुसरं काम दिलं. खोकला लिहून आणा. केव्हा येतो, तेव्हा काय चाललं होतं, कोरडा की ओला, किती वेळ टिकतो, काही पडतं का.

माझी हयात पोस्टात गेली. रकाने आखून नोंदी करणं हाताच्या सवयीचं. एक दोनशे पानी वही घेतली. त्यातला एक दिवस असा आहे:

"सकाळी ६.१०, उठून बसताना, कोरडा, पाच मिनिटं. ७.३०, गोळ्या घेताना पाण्याचा ठसका. ११.१५, शेजारची फोडणी, कोरडा, उलटी झाली. दुपारी २, डाव्या कुशीवर वळताना. ४, पुन्हा पाणी पिताना. संध्याकाळी ७, दिवाबत्ती, उदबत्तीचा धूर. रात्री १.२०, झोपेतून उठून, घशाशी आंबट."

पुढच्या वेळी डॉक्टरांनी ती वही शांतपणे वाचली आणि पेन्सिलने गोल केले. आंबट पाण्याभोवती एक, कुशीभोवती एक, फोडणी आणि उदबत्तीभोवती एक. पाण्याच्या ठसक्याभोवती दोनदा गोल केला. म्हणाले, "हे सगळे वेगवेगळे खोकले आहेत."

आंबटपणाचं सोपं होतं. रात्रीचं जेवण लवकर, ॲसिडिटीची गोळी, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे. नुसत्या उशा वाढवून मान वाकते आणि पोट दाबलं जातं, म्हणून पलंगच उचलायचा.

मग त्यांनी हिच्या बाकीच्या गोळ्या मागितल्या. थंडीत हिचं बीपी वाढलं म्हणून रामिप्रिल सुरू झालं होतं. रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, ही जगभर माहीत असलेली गोष्ट आहे. पण कॅन्सरच्या फाईलच्या जाडीत बीपीच्या गोळीकडे कुणाचं लक्ष जाणार? ती बदलून टेल्मिसार्टन दिलं. फरक पडायला साधारण महिनाभर लागू शकतो, काहींना तीन महिनेही, असं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आम्ही धीर सोडला नाही. ज्येष्ठमधाच्या कांड्या ही दिवसभर चघळायची, त्याही बंद करायला सांगितल्या. ज्येष्ठमध जास्त झालं की बीपी चढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. गरम पाण्यात मध चालेल म्हणाले, खडीसाखर चालेल, पण आडवं पडून तोंडात ठेवायची नाही.

छातीतलं पाणी काढलं तो दिवस हिला अवघड गेला. टेबलावर उशी ठेवून त्यावर ओणवं बसवतात, पाठीची जागा बधिर करतात आणि सुईतून नळी घालतात. पाणी उतरायला लागलं तशी ही जोरात खोकायला लागली. डॉक्टरांनी लगेच नळी थांबवली, जरा वेळाने पुन्हा हळू सुरू केली. दबलेलं फुप्फुस उघडतं तेव्हा खोकला येतो, आणि एकदम जास्त पाणी काढलं तर फुप्फुसालाच सूज येऊ शकते, म्हणून ते बेताने काढतात. त्या रात्री ही कितीतरी दिवसांनी डाव्या कुशीवर झोपली.

पण पाण्याचा ठसका तसाच होता. आणि एक गोष्ट वहीत नव्हती, ती वहीकडे बघता बघता डॉक्टरांच्या कानाने टिपली. "काकू, आवाज केव्हापासून बसलाय?" आम्हाला वाटत होतं खोकून खोकून बसला असेल. त्यांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नाकातून बारीक दुर्बीण घालून त्यांनी स्वरयंत्र आम्हाला पडद्यावर दाखवलं. "ई" म्हणायला सांगितलं. उजवी पट्टी आत सरकली. डावी जागची हलली नाही.

याचं कारण मी त्यांना पुन्हा विचारून समजून घेतलं. डाव्या स्वरपट्टीची नस गळ्यात सरळ येत नाही. ती आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग परत वर स्वरयंत्राकडे जाते. तिथेच हिची गाठ होती. नस दबली, पट्टी लुळी पडली. गिळताना स्वरयंत्राचं दार नीट मिटेना, म्हणून पाणी श्वासनलिकेकडे जायचं आणि ठसका लागायचा. पाणी, चहा, सरबत हे पातळ पदार्थ सगळ्यात वाईट; वरणभाताने काही व्हायचं नाही. शिवाय पट्ट्या मिटत नसल्यामुळे खोकल्याला जोरच नव्हता. ही खोकत राहायची आणि आत अडकलेलं बाहेर यायचं नाही. अशा वेळी खोकला दाबणारं औषध भरपूर दिलं असतं तर पाणी गुपचूप फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकला असता. म्हणून कारण न शोधता सिरप देऊ नये.

गिळण्याच्या थेरपिस्ट मॅडमनी हिला शिकवलं. ताठ बसायचं, एका वेळी एकच घोट, हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं, गिळून झाल्यावर मुद्दाम एकदा खाकरायचं, पुन्हा गिळायचं. तोंडात घास असताना बोलायचं नाही, जेवताना टीव्ही बंद. पाण्यात घालायची घट्ट करणारी पावडर हिला अजिबात आवडली नाही, मग तांदळाची पेज आणि दाट ताक यावर भागवलं. पुढे त्या लुळ्या स्वरपट्टीत इंजेक्शनने भराव घातला, म्हणजे ती फुगून मध्ये सरकते आणि दुसरी पट्टी तिला येऊन टेकू शकते. हिला भूल द्यावी लागली नाही, जागा बधिर करून झालं. पाण्याचा ठसका जवळपास गेला. आवाजही बराच परत आला. अभंगातला वरचा सूर अजून लागत नाही, पण फोनवर मुलीला आता "आई, तू बोलतेयस का?" असं विचारावं लागत नाही.

गाठीसाठी पुन्हा बायोप्सी झाली, गोळीला रोग दाद देईनासा झाला होता, आणि सलाइनवाटे केमो सुरू झाली. त्याची हकिगत वेगळी आहे, इथे सांगत नाही.

फोडणी आणि उदबत्ती मात्र इथे सांगायलाच हवी, कारण ती आमच्या वस्तीची गोष्ट आहे. मार्च ते मे लालबागच्या मिरची गल्लीत वर्षाचे मसाले कुटले जातात. मसाला कुटणारे डंख चालू झाले की चालत्या माणसालाही शिंका येतात, आणि आम्ही तिथून हाकेच्या अंतरावर. मिरचीतला झोंबणारा घटक म्हणजे कॅप्सायसिन. डॉक्टर म्हणाले, संशोधनात खोकला किती लवकर येतो हे मोजायचं असेल तर माणसाला हेच कॅप्सायसिन हुंगवतात. सततच्या खोकल्याने घशातल्या नसा इतक्या हळव्या होतात की जुनाट बेल नुसत्या वाऱ्याने वाजावी तसं थोड्याशा धुराने, थंड हवेने, मोठ्याने हसण्यानेही खोकला सुटतो. खोकल्याने नसा आणखी हळव्या होतात आणि त्यामुळे आणखी खोकला येतो.

म्हणून मसाल्याच्या दिवसांत हिला ठाण्याला भावाकडे पाठवलं. घरी डासांची अगरबत्ती बंद केली, मच्छरदाणी लावली. देवापुढे फक्त तेलाचा दिवा. स्वयंपाक मी शिकलो. फोडणी तेल मंद ठेवून जिरं-हिंगाची, मिरची शेवटी आमटीत उकळायला. शेजारच्या वहिनींना मी एकदाच सांगितलं. तेव्हापासून त्या मिरची टाकायच्या आधी गॅलरीतून हाक मारतात, "भावोजी, फोडणी देतेय, दार ओढून घ्या." कोविडनंतर खोकणाऱ्या माणसापासून लोक दूर सरकतात, चाळीतही सरकले होते. या हाकेने हिला औषधाइतकं बरं वाटलं, हे तिने मला सांगितलं.

इतकं सगळं करूनही रात्रीचा कोरडा खोकला उरला. तेव्हा आम्हाला पॅलिएटिव्ह विभागात पाठवलं. ते नाव ऐकून हिचा चेहरा उतरला. आपल्याकडे त्याचा अर्थ "आता काही करता येत नाही" असाच घेतात. पण केमो चालू होती, आणि पुढेही चालूच राहिली. त्रास कमी करणं एवढंच त्या विभागाचं काम, आणि ते रोगावरच्या इलाजाच्या बरोबरीने चालतं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "खोकला किती? शून्य ते दहा." ही म्हणाली "आठ", आणि रडली.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने हिला जे शिकवलं ते आज घरात सगळ्यांना पाठ आहे. खोकला येणार असं घशात खवखवलं की त्याच क्षणी तोंड मिटायचं. आवंढा गिळायचा, किंवा पाण्याचा छोटा घोट. मग नाकाने हलकासा श्वास आत, आणि ओठ चंबूसारखे करून सावकाश बाहेर. खांदे खाली, हात मांडीवर. खवखव उतरेपर्यंत हेच. "काकू, पहिला खोकला परतवता आला तर पुढचे दहा येत नाहीत," ती म्हणायची. तिने एक भेदही समजावला. हे कोरड्या खोकल्यासाठी. छातीत कफ घुरघुरत असेल तर तो दाबायचा नाही, काढायचा. त्यासाठी मध्यम श्वास घेऊन तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ धरतो तसा "हाऽऽ" करून सोडायचा. कफ वर सरकतो आणि बरगड्या हिसकत नाहीत. आणि काहीही करताना पोटाशी उशी धरायची. सुरुवातीला हिला वाटलं, श्वासाने काय होणार. पंधरवड्यानंतर वहीतल्या दुपारच्या नोंदी विरळ झाल्या.

औषधंही पायरीपायरीने दिली. आधी घशाला नुसतं लेप देणारं साधं ग्लिसरिनचं लिंक्टस. मग लेव्होड्रोप्रोपिझिनचं सिरप. हे मेंदूवर नाही तर श्वासमार्गातल्या नसांवर काम करतं, म्हणून गुंगी कमी. त्यानेही रात्र निभेना तेव्हा मॉर्फिन. दहा मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा तुकडा, झोपताना. दुसऱ्याचा डोस वेगळा असेल, हा आकडा कुणी उचलू नये.

मॉर्फिन म्हटल्यावर नातेवाइकांचे फोन सुरू झाले. सवय लागेल, श्वास बंद पडेल, आता शेवट आला का. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की खोकल्याला लागणारी मात्रा बहुधा वेदनेपेक्षा कमी असते, आम्ही थोडीशी देऊन बघू, उपयोग नाही झाला तर बंद करू. पहिले दोन-तीन दिवस ही पेंगुळलेली होती, मग ते गेलं. गेलं नाही ते बद्धकोष्ठ. मॉर्फिन चालू आहे तोवर पोटाचं औषध रोज घ्यायचंच, आणि ते इसबगोल नव्हे. आतड्यांची हालचालच मंदावलेली असते, इसबगोलाने गोळा होऊन बसतो. हिला रात्री सेन्नाची गोळी आहे.

मॉर्फिन गल्लीतल्या केमिस्टकडे मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि मान्यता असलेली हॉस्पिटलं आता ते देऊ शकतात. चिठ्ठी, नोंद, मोजलेल्या गोळ्या, सगळं चोख असतं. मी गोळ्या कपाटात कुलपात ठेवतो आणि किती उरल्या ते वहीच्या मागच्या पानावर लिहितो, कारण घरात नातू येतो. चार दिवस पुरतील इतक्या उरल्या की नव्या आणायच्या. सणांच्या सुट्ट्या लागून आल्या तर त्याआधीच. मॉर्फिनने न भागल्यास हळव्या नसा शांत करणारं गॅबापेंटिन आहे, मशीनमधून लिग्नोकेनची वाफ आहे, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. त्या वाफेने घसा बधिर होतो, म्हणून नंतर तासभर खायचं-प्यायचं नाही. अजून तशी वेळ आलेली नाही.

खोकल्यात रक्त दिसलं तर काय करायचं हेही त्यांनी आम्ही न विचारता सांगितलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. थुंकीत रेघ दिसली तर त्याच दिवशी फोन. चमचाभर ताजं लाल रक्त आलं, किंवा अचानक धाप लागली, छातीत कळ आली, एक पाय सुजला, केमोनंतर ताप शंभर पॉइंट चारच्या वर गेला, तर वाट न बघता इमर्जन्सी. रक्त येत असेल तर पेशंटला रोगाच्या बाजूच्या कुशीवर वळवायचं, म्हणजे ज्या फुप्फुसात कॅन्सर आहे ती बाजू खाली. गडद रंगाचा एक टॉवेल हाताशी ठेवा, असंही ते म्हणाले. पांढऱ्या कापडावर रक्त पाहून पेशंट आणि घरचे दोघंही खचतात. आमचा चॉकलेटी आहे, पलंगाच्या कठड्याला असतो, अजून वापरावा लागलेला नाही.

आता हिचा आकडा तीन आहे. शून्य होणार नाही हे आम्हा दोघांना माहीत आहे. रात्री सलग चार-पाच तास झोप होते, त्यामुळे सकाळी भूक लागते, आणि केमोच्या वेळी वजनाचा काटा पाहून नर्स रागावत नाही. ओपीडीत डॉक्टरांसमोर मोजकीच मिनिटं मिळतात, म्हणून मी वहीतल्या नोंदी घरीच आवरून पहिल्या पानावर तीन ओळी लिहून नेतो: खोकला किती, कशाने वाढला, नवीन काय. परवा बाकावरच्या एका मुलाने वही मागून पाहिली. त्याच्या वडिलांना दोन वाक्यं बोलता येत नव्हती. त्याने रकान्यांचा फोटो घेतला आणि मला विचारलं, कोणत्या खिडकीवर जायचं. मी त्याला पॅलिएटिव्हचा मजला सांगितला आणि आत जाताना वडिलांच्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटंही बरोबर न्यायला सांगितली.